आधी उतरायला शिकू द्या

बेळ्ळंदूरमधल्या आपल्या बऱ्याच घरांतली मुलं जिम्नॅस्टिक्सला जातात, म्हणून आज एकच आकडा सांगते: ०.१५०. ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक. व्हॉल्टमध्ये दीपा कर्माकरचं कांस्यपदक एवढ्यानं हुकलं. तिचे सरासरी गुण १५.०६६, तिसऱ्या आलेल्या स्विस खेळाडूचे १५.२१६.

दीपाच्या प्रोदुनोवा उडीला काठिण्याचे तब्बल ७.० गुण होते. पण सफाईचे गुण वेगळे धरतात. त्यात १० पैकी ८.२६६ मिळाले. उतरताना ती फार खाली बसली होती.

म्हणून क्लासवरून आलेल्या लेकीला ‘आज नवीन काय शिकलीस?’ याआधी विचारा, ‘उतरलीस कशी?’ पदक मिळो न मिळो, गुडघे तिला जन्मभर पुरायचे आहेत.