मोठ्यांच्या मागे राहिलेल्या



खोपोलीचे तळे आणि त्याच्या काठचे वीरेश्वराचे देऊळ पाहिले नाही असा माणूस या सभेत सापडणार नाही. दोन्ही नाना फडणविसांची. नाना १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. त्यांच्या पत्नी जिऊबाई यांचे पुढे काय झाले, हे मात्र त्या तळ्याकाठी कुणी विचारीत नाही.

जिऊबाई तेव्हा पोरवयाच्या होत्या. नानांच्या संपत्तीवर दुसरा बाजीराव आणि दौलतराव शिंदे, दोघांचाही डोळा. पती मोठा असला की त्याच्या विधवेला मान मिळतो, अशी आपली समजूत असते. येथे पतीचे मोठेपणच तिच्या मुळावर आले. बाई ज्याच्या ताब्यात, त्याला नानांच्या ठेव्यावर हक्क सांगता येणार, असा हिशेब होता. तिला आधार दिला तो नानांचे विश्वासू धोंडोपंत नित्सुरे यांनी, घाटावर लोहगडात. १८०३ च्या सुमारास जनरल वेलस्ली मध्ये पडला. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. नित्सुऱ्यांनी गड सोडावा आणि बाईंना वर्षाला १२,००० रुपयांचा तनखा मिळावा, असे ठरले. त्या पनवेलला इंग्रजांच्या आश्रयाने राहिल्या.

इतिहासकार याला इंग्रजांचे औदार्य म्हणोत. आम्ही आयुष्यभर मालकांशी करार करीत आलो, म्हणून आम्हाला यात करारच दिसतो. नित्सुऱ्यांच्या हाती किल्ला होता, म्हणून तनखा झाला. किल्ला नसता तर पोरवयाच्या विधवेचे कुणी ऐकले असते?

आता आपल्या तालुक्याकडे या. माथेरानचे भाई कोतवाल वकील झाले, शेतकऱ्यांसाठी झगडले आणि १९४२ साली त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील पडले. भाईंचे वय अवघे तीस. घरी पत्नी होती. सरकार परके, त्याच्या दप्तरी नवरा बंडखोर. तनखा देणार कोण? अशा घराशी उघड बोलायलाही त्या दिवसांत छातीच लागे. स्वातंत्र्य आले साडेचार वर्षांनी. केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिकांची आणि हुतात्म्यांच्या कुटुंबांची निवृत्तिवेतन योजना आली १५ ऑगस्ट १९७२ रोजी. म्हणजे सिद्धगडानंतर एकोणतीस वर्षांनी. त्यातही वर्षाला ५,००० रुपयांच्या उत्पन्नाची अट, ती १९८० साली गेली. एकोणतीस वर्षांत कडेवरचे मूल स्वतः बाप होते. पुतळ्याला हार घालायला आपण दरवर्षी जातो, आणि जावेच. पण हाराच्या खर्चाची तरतूद बिनबोभाट होते, हेही पाहून ठेवावे.

कारखान्यात मेलेल्या कामगाराच्या विधवेचे नाव कुणी घेत नाही. तरी तिच्यासाठी १९२३ सालीच कायदा झाला होता. नुकसानभरपाई मालकाने परस्पर कुणाच्या हाती द्यायची नाही, कमिशनरकडे भरायची, असे त्यात कलम होते. दीर आणि सासरे यांना आमचे कायदेपंडित ओळखून होते म्हणायचे! त्या बाईला कुणी सभेत पुढच्या खुर्चीवर बसवीत नाही, शालही देत नाही. पण पैसा तिचा, आणि नवरा कोण होता हे सिद्ध करायला तिला चरित्रकार लागत नाही. मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, हजेरीपुस्तक, एवढे पुरते. तेही मिळवताना चपला झिजतात, हा भाग वेगळा.

युनियनचा कार्यकर्ता गेला की आम्हीही एक दिवसाच्या पगाराची वर्गणी काढतो. एकदा खोपोलीकडच्या एका कारखान्यात अशी रक्कम जमली आणि ती कुणाकडे द्यावी यावर दोन तास बैठक चालली. थोरला भाऊ म्हणे, कुटुंबाचा कर्ता मी. त्याच्या भावजय, म्हणजे त्या कार्यकर्त्याची बायको, दाराशी उभ्या होत्या, त्यांना कुणी आत बोलावले नव्हते. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने उठून त्यांना खुर्ची दिली आणि विचारले, "बाई, तुमचे बँकेत खाते आहे का?" नव्हते. दुसऱ्या दिवशी दोघे कामगार रजा टाकून त्यांच्याबरोबर बँकेत गेले.