आमचे आप्पा व त्यांची विद्या

(एका खेड्यांतील शाळेच्या पालकसभेंत शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



‘आईबापांचे उपकार’ या विषयावर आम्हीं चार शब्द बोलावे अशी आपली आज्ञा झाली आहे. उपकार हा शब्द मोठा आहे. पण तो नुसता उच्चारल्यानें कोणाच्याही पदरांत कांहीं पडत नाहीं. सावकार पैचा हिशेब ठेवतो, मग लेकानें बापाचा हिशेब कां ठेवूं नये? तो आज आम्ही आपणांपुढें मांडतों.

आमचे वडील, ज्यांना सारें गांव आप्पा म्हणतें, धंद्यानें लोहार. शिक्षण मराठी चौथी. वय पंचाहत्तरीच्या घरांत. ते आज या सभेस आले आहेत. लोक त्यांची स्तुति करतात ती अशी कीं, “बाप अडाणी, पण पोराला मास्तर केलें!” या स्तुतींतील पहिला शब्द आम्हांस मान्य नाहीं. तो कां मान्य नाहीं, तें ऐका.

गाडीच्या चाकावर धाव चढवावयाची म्हणजे ती चाकापेक्षां किंचित् लहान करावी लागते. गोवऱ्यांच्या आरांत ती लाल केली कीं लोखंड पसरतें. मग सांडशींनीं उचलून ती चाकावर बसवावयाची व लगेच पाणी ओतावयाचें. लोखंड आकसतें आणि लाकडाचे सारे सांधे आवळून धरतें. धाव फार लहान झाली तर ती चढत नाहीं. सैल राहिली तर भर रस्त्यांत निसटते. उष्णतेनें धातु प्रसरण पावतात हा धडा आम्ही वर्गांत फळ्यावर लिहितों. आप्पा तो दोरीच्या मापानें लिहीत.

विळ्याला पाणी देणें हें याहून नाजूक काम. तापलेल्या विळ्याची धार पाण्यांत बुडविली कीं पोलाद कांचेसारखें कडक होतें. तसेंच ठेवलें तर धार तुटून पडेल. म्हणून पात्याच्या मागच्या भागांतील ऊब धारेकडे परत येऊं द्यावयाची. घासून उजळ केलेल्या पात्यावर त्या वेळीं आधीं गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व शेवटीं निळा रंग चढतो. कोणत्या रंगावर विळा पुन्हां पाण्यांत घालावा हें डोळ्यांनीं ठरवावयाचें, आणि त्याला अवकाश मिळतो क्षणाचा. तापलेल्या लोखंडाचा रंग नीट कळावा म्हणून आप्पा भट्टीची जागा मुद्दाम अंधारी ठेवीत. या गांवांतल्या किती जणांची सुगी त्या रंगाच्या पारखीवर निघाली, तें आपणच सांगा. ही विद्या नव्हे तर काय?

१९७२ सालीं दुष्काळ पडला तेव्हां आप्पा ऐन उमेदींत होते. नांगर उभे राहिले, तेव्हां फाळ पाजवावयास कोण आणणार? आप्पांनीं छोटा भाता व ऐरण उचलली आणि रस्त्याच्या दुष्काळी कामावर जाऊन बसले. तेथें खडी फोडणाऱ्या माणसांचे टिकाव व पहारी दिवसभर बोथट होत आणि आप्पा दिवसभर त्या धारेला लावीत. इतरांप्रमाणें सुकडी खाऊन त्यांनीं तो काळ काढला. त्याच दुष्काळाच्या दिवसांत आपल्या राज्यांत रोजगार हमीची योजना सुरू झाली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला.

पुढें गांवांत ट्रॅक्टर आले. लाकडी नांगर, बैलगाड्या कमी झाल्या, आणि धंदा बसत चालला. नेमक्या त्याच वेळीं आम्ही अध्यापक विद्यालयांत होतों. फी कधीं थकली नाहीं. त्याआधीं शाळेंत असतांना भाता ओढण्याचें काम आमच्याकडे असे. पण परीक्षेच्या महिन्यांत भाता आमची आई ओढी. घरांत याची कधीं चर्चा झाली नाहीं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. तो त्यांनीं आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठीं त्यांनीं केलेल्या त्यागाची कृतज्ञता तेथें नमूद केली. एवढा पंडित, पण बापाचें ऋण त्यानें ग्रंथाच्या आरंभींच मांडलें. परंतु सुभेदार रामजी १९१३ सालींच वारले होते. तें पान पाहावयास ते राहिले नव्हते.

आमचें भाग्य असें कीं आमचे आप्पा समोर बसले आहेत. पण येथें एक अडचण आहे. आप्पांस आम्ही बोलतों यांतलें एक अक्षरही ऐकूं येत नाहीं. कानाच्या आंत केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजाचा मारा वर्षानुवर्षें झाला कीं त्या मरतात, आणि माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. ऐरणीवर घण पडत राहिला, आमच्या पावत्या फाटत राहिल्या, आणि तिकडे आप्पांचे कान जात राहिले. पावतीवर रुपये लिहिले आहेत. खरें पाहतां आप्पांनीं आमची फी कानांनीं भरली.

म्हणून हें भाषण आम्हीं लिहून आणलें आहे. आप्पांस चौथीपर्यंतचें वाचन येतें. हें छापून आलें म्हणजे ते चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, सावकाश वाचतील.

आतां आपणांस दोन विनंत्या. ज्यांचीं मुलें आज पत्र्याच्या कामावर, खडीच्या यंत्रावर किंवा लोखंडाच्या कारखान्यांत आहेत, त्यांनीं मुलांना कान झांकून काम करावयास सांगावें. ऐकूं कमी येऊं लागल्यास वेळींच सरकारी दवाखान्यांत दाखवावें. गेलेले कान परत येत नाहींत, पण उरलेले राखतां येतात.

दुसरी विनंती शाळेंतल्या मुलांस. या आठवड्यांत एके संध्याकाळीं बापाजवळ बसा. वाफसा आला हें तो मातीच्या ढेकळावरून कसें ओळखतो, गवंडी असेल तर ओळंबा कसा धरतो, कुंभार असेल तर माती कशी पारखतो, तें विचारा व वहींत लिहा. आईचेंही काम असेंच विचारा. बाप म्हणेल, “त्यांत काय लिहावयाचें?” तरीही लिहा. पुढच्या पालकसभेंत त्या वह्या आपण आईबापांच्या समोर वाचूं. ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांच्या हातांत वही देऊं.