वसंताचे सण आणि आपले खांदे
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत चार शब्द बोलावेत अशी महोत्सव-समितीची आज्ञा झाली, आणि विषयही तिनेंच नेमून दिला : स्पेन देशांतील वसंतऋतूचे सण व तेथील कलाजीवन. विषय ऐकून आरंभीं आम्ही थोडे बिचकलों. कोठें जालन्याची काळी माती आणि कोठें स्पेन! परंतु विचार करूं लागलों तसतसें हें अंतर कमी होत गेलें. ज्यांच्या नांवानें आपल्यांतील कित्येकांचा बाप्तिस्मा झाला ते संत फ्रान्सिस झेवियर आज स्पेनमध्यें मोडणाऱ्या नाव्हारा प्रांतांत, झेवियरच्या गढींत १५०६ सालीं जन्मले आणि १५४२ सालीं गोव्यास उतरले. त्यांच्या जन्मगढीकडे तेथील लोक दर मार्च महिन्यांत पायीं यात्रेस जातात. आपले शेजारी आषाढांत पंढरीस जातात, तसेच. तेव्हां तो देश आपणांस अगदींच परका नाहीं.

दुसरा धागा फळाचा आहे. स्पॅनिश भाषेंत संत्र्यास 'नारांखा' म्हणतात. मूळ शब्द आपला, संस्कृतांतील 'नारंग'. इराणी व अरब लोकांच्या तोंडून तो त्या देशीं पोहोंचला. दक्षिणेकडील सेव्हिल नगरांत रस्त्यांच्या दुतर्फा कडू नारिंगाचीं झाडें आहेत, आणि पवित्र सप्ताहाच्या सुमारास तीं फुलतात. ज्यानें आंबे बहराच्या वेळीं आपल्या मोसंबीच्या बागेंत पहांटे उभें राहून श्वास घेतला आहे, त्यास सेव्हिलची हवा निराळी समजावून सांगावयास नको.

आपला वसंत हा मात्र कष्टाचा ऋतु आहे. फाल्गुनांत ज्वारी, गहूं, हरभरा घरीं येतो. विहिरींचें पाणी खालीं जाऊं लागतें. ऊसतोडीस गेलेलीं कुटुंबें चैत्राच्या आगेंमागें परततात. याच दिवसांत जालना शहरांत धुळवडीस हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते. तिला शंभराहून अधिक वर्षें झालीं. घरोघर पाडव्याची गुढी उभी राहते. घनसावंगी तालुक्यांतील जांब येथें, जेथें १६०८ सालीं रामनवमीस समर्थ रामदास जन्मले, रामजन्माचा उत्सव होतो. आणि याच दिवसांत आपला प्रायश्चित्तकाळ, झावळ्यांचा रविवार, पवित्र सप्ताह व पुनरुत्थानाचा सण येतो. शेजाऱ्याच्या अंगणांत गुढी, आपल्या हातांत झावळी. एकाच वाऱ्यावर दोन्ही हालतात.

आतां सेव्हिलकडे वळूं. त्या नगरांत साठांहून अधिक धर्मबंधुसंघ आहेत. झावळ्यांच्या रविवारापासून पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंत हे संघ प्रभूच्या दुःखसहनाच्या व शोकाकुल मातेच्या मूर्ति भव्य चौरंगांवर ठेवून रस्त्यांनीं नेतात. एखाद्या सज्जांतून कोणी एकटाच आर्त स्वरांत गाऊं लागतो, आणि सारी मिरवणूक थबकून ऐकते. चौरंग लांकडाचे, सोन्याचांदीच्या कामानें मढविलेले, मेणबत्त्यांनीं उजळलेले. कित्येकांचें वजन हजार किलोहून अधिक. तरीही ते चाकांवर चालत नाहींत. खालीं मखमली पडद्याआड तीस-चाळीस माणसें मानेवर भार घेऊन चालत असतात. त्यांस रस्ता दिसत नाहीं. बाहेरून म्होरक्या हांक देतो, आणि त्या हांकेवर सर्वांचें पाऊल एकदम पडतें. पाहणाऱ्यांस मूर्ति दिसते. ती वाहणारा दिसत नाहीं.

येथें आम्हांस जी गोष्ट मुख्यतः सांगावयाची आहे ती अशी. कित्येक पिढ्या हे भार वाहणारे भाडोत्री असत. बंदरावरचे हमाल मजुरी घेऊन चौरंग उचलीत, आणि संघाचे सभासद मेणबत्त्या घेऊन पुढें चालत. काळ पालटला, मजूर मिळणें कठीण झालें, मजुरी परवडेना. तेव्हां १९७३ सालीं तेथील विद्यार्थ्यांच्या बंधुसंघानें ठरविलें कीं, यंदा चौरंग आपला आपणच उचलावयाचा. पुस्तकें वागविणाऱ्या मुलांनीं मान खालीं घातली, आणि चौरंग उचलला गेला. पुढें एकामागून एक इतर संघांनींही तोच मार्ग धरला. आज त्या पडद्याआड जागा मिळावी म्हणून तरुण मुलें वाट पाहत असतात. अडचणींत आलेला सण भाडोत्री खांद्यांच्या जागीं स्वतःचे खांदे आल्यानें तरला.

दुसरा सण माद्रिदचा. ती स्पेनची राजधानी. पण तिचा पालक संत कोणी राजा किंवा पंडित नव्हे, तो एक सालगडी होता. संत इसिद्रो बाराव्या शतकांत एका जमीनदाराच्या शेतावर नांगर धरीत असे. आख्यायिका अशी कीं, तो प्रार्थनेंत मग्न असतां देवदूत त्याचा नांगर हांकीत. आणि पाण्याच्या टंचाईंत त्यानें कोरड्या जमिनींतून झरा काढला. दर वर्षीं १५ मे रोजीं माद्रिदचे लोक नदीकांठच्या कुरणावर जमतात, त्याच्या झऱ्याचें पाणी पितात, शिदोऱ्या सोडतात. गोया या थोर चित्रकारानें १७८८ सालीं ही जत्रा रंगविली आहे. १२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं रोम येथें एकाच समारंभांत पांच जणांस संतपद दिलें : इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, अविलाची तेरेजा, फिलिप नेरी आणि हा सालगडी इसिद्रो. सातासमुद्रांपार गेलेला झेवियर आणि मालकाच्या शेतांत जन्म घालविलेला इसिद्रो एका रांगेंत उभे राहिले. २०१२-१३ च्या दुष्काळांत ज्यांनीं टँकरच्या पाण्यावर मोसंबी जगविण्याची शिकस्त केली, आणि शेवटीं वाळलेल्या झाडांवर आपल्याच हातानें कुऱ्हाड चालविली, त्यांनीं या संतास आपल्या घरचाच मानावें.

तिसरा सण सेव्हिलची एप्रिल महिन्यांतली जत्रा. ती १८४७ सालीं गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली. आज तेथें शेंकडों तंबू, हजारों दिवे, सजविलेल्या घोडागाड्या आणि ठिपक्यांच्या घोळदार झग्यांतील नाच पाहावयास मिळतो. गुरांचा बाजार मात्र उरला नाहीं. सण बदलतात, त्यांत दोष नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यांतील बहुतेक तंबू खाजगी असतात. आंत ओळखीचें कोणी नसेल तर पाहुण्यानें बाहेरूनच गाणें ऐकावें. बाजार असतांना ज्याच्या हातीं बैलाचें दावें तो आंत येई. आतां ज्याच्या हातीं आमंत्रण तो येतो.

येथवर सणांविषयीं झालें. आतां चित्रपटाकडे येऊं. आपल्यांतील कांहीं वडील मंडळींस वाटेल, धर्मग्रामाच्या उत्सवांत चित्रपटाची गोष्ट कशाला? त्यांस आम्ही एकच आठवण देतों. दादासाहेब फाळके यांनीं मुंबईस प्रभु येशूच्या चरित्रावरील मूकपट पाहिला, आणि आपल्या देवादिकांच्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात या ध्यासांतून १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' निर्माण केला. भारतीय चित्रपटाच्या बीजास असें प्रभूच्या चरित्राचें पाणी मिळालें आहे.

स्पेनमध्यें ज्यांस कलाचित्रपट म्हणतात असे चित्रपट काढणारे मोठे लोक झाले. त्यांतील लुइस बुन्युएल हा आरागोन प्रांतांतील कालांदा गांवचा. त्या गांवीं शुभ शुक्रवारीं दुपारचे बारा वाजले कीं शेंकडों ढोल एकदम वाजूं लागतात, आणि तो गजर दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो. स्पेनमधील अशा ढोलवादनाच्या रूढींस २०१८ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. बुन्युएल पुढें ख्रिस्तसभेपासून दूर गेला. १९६१ च्या त्याच्या 'विरिदियाना' चित्रपटावर रोमहून कडक टीका झाली, आणि स्पेनमध्यें त्यावर १९७७ पर्यंत बंदी राहिली. तो सर्वस्वीं आपला होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण १९५९ सालीं त्यानें 'नासारिन' हा एका गरीब धर्मगुरूवरचा चित्रपट काढला, आणि त्याच्या शेवटीं ऐकूं येतात ते कालांदाचेच ढोल. देश सुटला, श्रद्धा सुटली, तरी बाळपणींचा शुभ शुक्रवार कानांतून सुटला नाहीं. मुलांच्या कानांवर आपण काय घालतों, याचा विचार आईबापांनीं यावरून करावा.

दुसरा दिग्दर्शक लुइस गार्सिया बेर्लांगा. १९५३ सालीं आलेल्या त्याच्या चित्रपटाच्या नांवाचा अर्थ 'स्वागत असो, मिस्टर मार्शल'. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका युरोपांतील देशांस मदत देत होती. एका लहानशा खेड्यास निरोप येतो कीं, अमेरिकन पाहुणे येत आहेत. खेडें आहे कास्तीलमधलें, रुक्ष माळावरचें. पण पाहुण्यांस आवडावें म्हणून गांवकरी दक्षिणेकडील आंदालुसियाचा वेष भाड्यानें आणतात, घरांस खोट्या भिंती लावतात, न येणारीं गाणीं पाठ करतात. ठरल्या दिवशीं मोटारी येतात, आणि न थांबतां धूळ उडवीत निघून जातात. मग कर्ज फेडण्यासाठीं ज्याच्या घरीं जें असेल तें तो आणून देतो. चित्रपट हसवितो, आणि घरीं परततांना मान खालीं घालावयास लावतो. आपल्या शेजारीं, साठेक किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगर येथें अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत असतो. देशोदेशींचे असे चित्रपट पाहण्याची संधि आपल्या तरुणांनीं सोडूं नये.

बंधुभगिनींनो, आतां आपल्या घराकडे वळूं. उसना वेष घेण्याचें आपणांस कारण नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. पण त्यांनीं प्रभूची कथा मराठी ओव्यांत गाइली आणि १६१६ सालीं 'ख्रिस्तपुराण' छापून आलें. शेजारच्या जिल्ह्यांत घोगरगांवीं फ्रान्समधून आलेल्या फादर जाकिये यांस लोकांनीं 'गुरबाबा' हें आपलें नांव दिलें. खुद्द जालन्याजवळ दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकांत बेथेल वसविलें. या मातीनें प्रभूचें नांव आपल्याच सुरांत घेतलें आहे.

तरीही गेल्या कांहीं वर्षांत आम्ही काय पाहिलें? मांडव कंत्राटानें, ध्वनिवर्धक भाड्यानें, गाणीं यंत्रावरचीं. शुभ शुक्रवारीं क्रुसाच्या वाटेचीं गाणीं ज्या वृद्धांस तोंडपाठ होतीं, त्यांतील बरेच कबरस्थानांत निजले. त्यांच्या चाली कोणीं लिहून ठेवल्या नाहींत. तरुण पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत आहेत. ऊसतोडीवरचें कुटुंब कधीं कधीं सण उरकल्यावर परततें, आणि रिकाम्या मांडवाकडे पाहून घरीं जातें. दोष दुसऱ्या कोणाचा आम्ही सांगत नाहीं; वर्गणी देऊन पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्यांत आम्हीही होतों. आमच्या वडिलांस येत होतीं तीं गाणीं आम्हांस अर्धींच येतात, हें या व्यासपीठावरून सांगतांना लाज वाटते.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें तीन विनंत्या करतों. पहिली : येत्या प्रायश्चित्तकाळांत प्रत्येक वस्तींतील एका मुलानें किंवा मुलीनें एका वृद्धाजवळ बसून जुन्या चाली शिकाव्यात; खिशांतील दूरध्वनींत त्या सांठविल्या तरी चालेल, पण गळ्यांतही उतरवाव्यात. दुसरी : शुभ शुक्रवारचा क्रूस आपल्या तरुणांनींच वाहावा, आणि परगांवीं असणाऱ्यांनीं त्या एका दिवसापुरतें तरी गांवीं यावें. ऊसतोडीवरून उशिरां येणाऱ्यांसाठीं पुनरुत्थानकाळांत एक संध्याकाळ पुन्हां राखून ठेवावी. तिसरी : १५ मे रोजीं, पेरणीच्या तोंडावर, संत इसिद्रोच्या दिवशीं सर्वांनीं मूठ मूठ बियाणें वेदीपाशीं आणावें, शेजारच्या हिंदु-मुसलमान शेतकऱ्यांसही बोलवावें. त्या दिवशीं कोणाचा तंबू खाजगी नसावा.

१९७७ सालीं औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, १९८१ सालीं जालना जिल्हा झाला. आपलें धर्मग्राम त्यांच्याबरोबरीनें वाढलें. पन्नास वर्षांपूर्वी या मंदिराचे दगड ज्यांनीं वाहिले त्यांतील थोडेच आज या सभेंत आहेत. त्यांनीं भार खालीं ठेवला आहे. तो अजून जमिनीवरच आहे, आणि उचलणारांची वाट पाहत आहे. म्होरक्याची हांक आली कीं आपली मान त्याखालीं असावी, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.

जय ख्रिस्त.