डॉक्टरांना विचारायचा एक प्रश्न



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. माझ्या मामूंना सत्तरीत ग्लायोब्लास्टोमा झाला, तेव्हापासून या विषयाचं वाचत आलोय.

मेंदूतली ही अतिशय आक्रमक गाठ. तिच्या पेशी मुळांसारख्या आजूबाजूला शिरतात, म्हणून ऑपरेशननंतरही रेडिएशन लागतं. आयएमआरटी या तंत्रात डॉक्टर फक्त अट घालतात: गाठीच्या जागी इतका डोस, डोळ्यांच्या नसांना याहून जास्त नको. कोणत्या दिशेने किरण किती तीव्र ठेवायचे, हे संगणक उलट्या गणिताने शोधतो.

नेहमीचा कोर्स 60 ग्रेचा, 30 बैठकांचा, सहा आठवड्यांचा; सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गोळ्यांमुळे दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्क्यांवर गेलं. त्या चाचणीत सत्तरीपुढचे रुग्ण नव्हते.

वयस्कांचं काय? 2004 साली कॅनडातल्या चाचणीत साठीपुढच्या काही रुग्णांना 40 ग्रे, 15 बैठकांत, तीन आठवड्यांत दिले. आयुष्यात ठळक फरक पडला नाही.

गावाहून मुंबईत येऊन खोली घेणाऱ्या कुटुंबाला तीन आठवडे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मामूंचे ते तीन आठवडे घरी, नातवंडांत गेले.

म्हणून जरूर विचारा: "यांच्या वयाला आणि प्रकृतीला छोटा कोर्स चालेल का?" उत्तर 'नाही' येऊ शकतं. पण विचारणं हा अविश्वास नव्हे, रुग्णाचा हक्क आहे.