रात्रीची दारू, सकाळची शाळा



शाळेच्या फाटकापाशी दारू पिऊन गाडी चालवली तर शिक्षा जास्त असेल, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ जागा बघत नाही, रक्त बघतं. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा झाला, मग रस्ता शाळेचा असो नाहीतर स्मशानाचा. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर कैद दोन वर्षांपर्यंत, दंड १५ हजार. मशीनमध्ये फुंकायचं नाही म्हणून तोंड मिटून बसलात, तर तो नकारही कोर्टात तुमच्याच विरुद्ध जाऊ शकतो.

आणि कुणाचा जीव गेला तर? २००६ साली मुंबईत कार्टर रोडच्या फुटपाथवर झोपलेले सात मजूर मोटारीखाली गेले. तो नुसता हलगर्जीपणा नाही, सदोष मनुष्यवध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलं. शिक्षा मात्र तीनच वर्षं! मला ती कमी वाटते.

पण माझी खरी तक्रार वेळेबद्दल आहे. नाकाबंदी बहुतेक रात्री लागते, शाळा भरते सकाळी सातला. शरीर शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगानेच अल्कोहोल उतरवतं. रात्री एक वाजता ज्याच्या रक्तात १५० होतं, त्याच्या रक्तात सकाळी सातला ६० उरतं. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. व्हॅनवाले काका अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, बडीशेप चघळत वेळेवर दारात उभे असतात, ‘चला, चला, उशीर होतोय’ म्हणतात. पण थंड पाण्याने किंवा कडक चहाने त्या आकड्यात काडीचा फरक पडत नाही. झोप झाली म्हणजे उतरली, असं कायदा मानत नाही. शिवाय ‘काही होत नाही, जा घेऊन’ म्हणत प्यायलेल्या माणसाच्या हातात किल्ली देणारा मालक कलम १८८ खाली त्याच शिक्षेला पात्र ठरू शकतो.

स्कूलबससाठी महाराष्ट्रात २०११ चे नियम आहेत. त्यांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी, तिच्यात पालकांचा प्रतिनिधीही हवा. तुमच्या शाळेतली समिती शेवटची कधी बसली, हे पुढच्या पालकसभेत विचारा. आणि फुंकायचं एक मशीन सकाळी फाटकावर का नसावं, तेही विचारा.