घाबरलेली शिक्षिका हक्क कसे शिकवणार?



शिक्षकांचं सक्षमीकरण म्हटलं की आपल्याला प्रशिक्षण शिबिर आणि शिक्षकदिनाचा सत्कार आठवतो. मी सव्वीस वर्षं उर्दू माध्यमात शिकवलं. माझा अनुभव वेगळा आहे.

पहिली तीन वर्षं मी एका विनाअनुदानित शाळेत होते. नेमणुकीचं पत्र मिळालं नाही. सही एका आकड्यावर व्हायची, हातात त्याहून कमी पडायचं. एकदा सातवीच्या वर्गात मूलभूत हक्क शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "टीचर, हक्क मागितला आणि कामावरून काढलं तर?" तिचे अब्बा गोदामात कामाला होते. मी त्याच सकाळी ऑफिसात गुपचूप सही करून आले होते. मी म्हणाले, "पुढचं पान काढा."

नंतर मी एका अनुदानित शाळेत गेले. तिथे पगार थेट बँकेत यायचा. वेळापत्रक शिक्षकांना विचारून बनायचं. बैठकीत ठरलेलं वहीत लिहिलं जायचं. मी तीच होते, माझी पदवीही तीच. पण तिथे मी मुलींकडून मोहल्ल्यातल्या पाण्याबद्दल महापालिकेला अर्ज लिहून घेतला. संस्थेचे एक पदाधिकारी नाराज झाले. मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, "विषय बाईंचा आहे, त्या ठरवतील." माझं खरं प्रशिक्षण त्या दिवशी झालं.

संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. तो आपण जपलाच पाहिजे. पण त्यात शिक्षकाला गप्प बसवण्याचा हक्क येत नाही. महाराष्ट्रातला खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आपल्या मान्यताप्राप्त शाळांनाही लागू आहे. मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक अल्पसंख्याक संस्थेला आहे. बाकी, कामावरून काढलं तर शिक्षक ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. मात्र हातात नेमणुकीचं पत्रच नसेल, तर तो कशाच्या बळावर जाणार?

आपण ९ जानेवारीला फातिमा शेख यांची आठवण काढतो. पण आपल्याच मोहल्ल्यातल्या शाळेत बाईंना पगार कधी मिळतो, त्यांच्यासाठी स्वच्छतागृह आहे का, हे विचारत नाही. "कौमची खिदमत आहे, पैशाचं काय बोलायचं?" असं म्हणून विषय संपवतो. खिदमत शिक्षिकेने करायची आणि हिशेब कुणी मागायचा नाही, हे इन्साफात बसत नाही.

तुम्ही माजी विद्यार्थी आहात, उद्या पालक व्हाल, काही जण ट्रस्टीही व्हाल. तीन गोष्टी मागा: लेखी नेमणूक, बँकेतून पूर्ण पगार आणि बैठकीत शिक्षकांना बोलण्याची जागा. मागताना शिक्षकांना पुढे करू नका, नोकरी त्यांची जाते. तुम्ही पुढे व्हा.

त्या मुलीला तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तुमच्या शाळेतल्या बाईंना ते देता यावं, एवढंच मागणं आहे.