इमारतीचा बॅकअप

चांदूर रेल्वेहून बोलतोय. आज जायचंय थेट कोल्हापूरला, केशवराव भोसले नाट्यगृहात.

शाहू महाराजांनी युरोपात थिएटरं पाहिली होती. १९१५ मध्ये त्यांनी कोल्हापुरात 'पॅलेस थिएटर' उभं केलं. शेजारीच खासबागेचं कुस्ती मैदान. म्हणजे नाटक आणि कुस्ती एकमेकांच्या पाठीला पाठ लावून! दगडी भिंती, लाकडी रंगमंच, आणि प्रेक्षागृहात मधे एकही खांब नाही. मागच्या रांगेतल्यालाही अख्खा रंगमंच दिसायचा. पुढे याला 'ललितकलादर्श'चे संस्थापक, कोल्हापूरचेच गायक-नट केशवराव यांचं नाव दिलं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. रंगमंच जळाला, छप्पर कोसळलं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमचा सर्व्हर गेला तर बॅकअप असतो. इमारतीचा बॅकअप म्हणजे नकाशे, मापं, फोटो. 'होतं तसंच बांधू' म्हणायचं तर हे हाताशी लागतं. म्हणून सांगतो, तुमच्या गावातलं जुनं थिएटर, जुना वाडा उभा आहे तोवरच टेप घेऊन जा, मापं लिहून ठेवा, फोटो काढा. जळाल्यावर फक्त आठवणी सांगता येतात, मापं नाही.

भेटू पुढच्या भागात!